सोलापूरच्या माळावरचा ससाणा: लग्गड की लाल मानेचा शाहीन?

माळावरची_वाट

नमस्कार मंडळी. नान्नजच्या अलीकडे, माळढोक अभयारण्याच्या हद्दीबाहेर जे गायरान आहे तिथे रविवारी सकाळी एक ससाणा दिसला. ओळख पटवायला मदत हवी आहे. फोटो लांबून काढलेत आणि ऊन समोरून होतं, म्हणून आधी डोळ्यांनी पाहिलं ते लिहितो.

बांधावर दगडांचा ढीग आहे, त्यावर बसला होता. आकार कावळ्याएवढा, पण छाती आणि खांदे भरदार. पाठ राखाडीकडे झुकणारी तपकिरी. माथा तांबूस, कपाळ पांढरट. डोळ्याखालून गालावर उतरणारी काळी रेघ अगदी बारीक, काजळ ओघळावं तशी. छाती स्वच्छ पांढरी, खाली पोटाकडे तपकिरी खुणा. पाय आणि चोचीचं मूळ पिवळं. डोळे काळेभोर.

बराच वेळ हलला नाही. मग समोरच्या ज्वारीतून भोरड्यांचा (गुलाबी मैनांचा) थवा उठला आणि हा जमिनीला धरून निघाला. उंच जाऊन सूर वगैरे मारला नाही. थवा घाबरून वळला तर तिकडून दुसरा ससाणा आला, जो तोपर्यंत मला दिसलाच नव्हता. भोरडी त्या दुसऱ्याने धरली. दोघं मग हायटेन्शनच्या टॉवरवर जाऊन बसले.

आमच्या ग्रुपवर काही जण म्हणतात लग्गड, काही म्हणतात वाळवंटातून हिवाळ्याला येणारा लाल मानेचा शाहीन. जाणकारांनी सांगावं, आणि नुसतं नाव नको, कारणासकट सांगा.

पक्षीवही

वर्णन फार चांगलं लिहिलंय. फोटोपेक्षा अशा वर्णनाचा जास्त उपयोग होतो.

आधी जे नाही ते बाजूला काढू. डोळे काळेभोर म्हणजे शिक्रा नाही, शिक्र्याचे डोळे पिवळे किंवा लालसर असतात. खरुची याहून लहान आणि ती हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते. तुरमती आपल्याकडे आहे आणि जोडीने शिकारही करते, त्यामुळे तिचा विचार करायलाच हवा. पण तिचं अख्खं डोकं तांबडं असतं, पोटावर बारीक काळ्या आडव्या रेघा असतात, आणि आकारानेही ती लहान. कावळ्याएवढी भरदार वाटणार नाही.

उरले मोठे ससाणे. बहिरी (इंग्रजीत पेरेग्रिन), त्याचाच आपल्याकडचा कायम रहिवासी शाहीन, वायव्येकडून येणारा लाल मानेचा शाहीन, आणि लग्गड. बहिरीच्या गालावरचा काळा पट्टा रुंद असतो आणि पाठ निळसर राखाडी. आपला शाहीन तर डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखा आणि पोटाला तांबूस. तुमच्या वर्णनात यातलं काहीच नाही. म्हणजे तुमच्या ग्रुपवर जी दोन नावं निघाली तिथेच आपण येतो.

एक प्रश्न: पोटावरच्या खुणा उभ्या होत्या की आडव्या? आणि मांड्या कशा होत्या?

बार्शी_क्लिक

मी लाल मानेच्या शाहीनच्या बाजूने बोलतो, कारण ही शक्यता लोक फार पटकन सोडून देतात.

हा पक्षी पूर्व इराणपासून मध्य आशियातून थेट मंगोलियाच्या अल्ताई पर्वतापर्यंतच्या कोरड्या डोंगराळ मुलखात वीण करतो आणि थंडीत पाकिस्तान, वायव्य भारतात उतरतो. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटातल्या बार्बरी ससाण्याचा तो जवळचा भाऊ. कोणी दोघांना मिळून वेगळी जात मानतं, कोणी बहिरीच्या उपजाती. स्क्लेटरने १८६१ मध्ये याला 'बॅबिलोनिकस' नाव दिलं. माथा आणि मान तांबूस, गालावरची पट्टी बहिरीपेक्षा बारीक, अंग एकूण फिकं. वरवर पाहिलं तर माळावरची_वाट यांचं वर्णन यालाही लागू पडतं. दख्खनमध्ये तो क्वचितच, पण 'क्वचित' म्हणजे 'कधीच नाही' असं नव्हे. महिना जानेवारीचा आहे, म्हणजे वेळही जुळते.

तीन गोष्टी तपासा. एक, पाठीला कुठे निळसर राखाडी झाक आहे का. दोन, तांबूस रंग फक्त माथ्यावर आहे की मानेवर मागे नीट दोन डाग दिसतात. तीन, पोटाचा रंग. लाल मानेच्या शाहीनचं पोट गुलाबीसर बदामी असतं आणि त्यावरच्या रेघा अगदी पुसट, आडव्या. पांढरीशुभ्र छाती सांगताय तिथेच माझं मन जरा अडखळतंय.

माळावरची_वाट

आज पुन्हा गेलो होतो. यावेळी ऊन पाठीशी घेऊन पश्चिमेकडे तोंड करून बसलो, त्यामुळे फोटो बरे आलेत. खाली लावतोय.

पहिला फोटो: टॉवरच्या आडव्या पट्टीवर, समोरून. मांड्यांची पिसं गडद तपकिरी, जवळजवळ चॉकलेटी. दोन्ही कुशींवरही तसाच गडद पट्टा. पोटावरच्या खुणा उभ्या, ठिपके आणि तुटक रेघा. आडवं काही नाही.

दुसरा: पाठमोरा, मान वळवून. मानेवर वेगळे डाग नाहीत, माथ्याचाच तांबूस रंग फिका होत मागे उतरतो. पाठीला निळी झाक अजिबात नाही.

तिसरा: शेपटी पसरलेली. मधली पिसं सपाट तपकिरी, कडेच्या पिसांवर पट्टे.

पक्षीवही

मग शंकेला जागा राहिली नाही. हा लग्गड. फाल्को जगर. जोडीतले दोन्ही पूर्ण वाढलेले.

कारण मागितलंय म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात भक्कम खूण मांड्या. पूर्ण वाढलेल्या लग्गडची छाती पांढरी आणि मांड्या-कुशी गडद तपकिरी, म्हणजे गडद विजार घातल्यासारखा दिसतो. बहिरीच्या कुळातल्या कोणत्याही मोठ्या पक्ष्यात हा फरक असा दिसत नाही. त्यांच्या मांड्या पोटाच्याच रंगाच्या असतात आणि त्यावर आडव्या रेघा असतात. हा पक्षी दूर टॉवरवर बसला असेल, डोकं दिसत नसेल, तरी पांढरी छाती आणि खाली काळपट मांड्या एवढ्यावरून मी नाव सांगायला तयार असतो.

दुसरी खूण खुणांची दिशा. वाढलेल्या बहिरीत आडवं, वाढलेल्या लग्गडमध्ये उभं. पण हा नियम पोरांना लावू नका. बहिरीच्या पहिल्या वर्षाच्या पिल्लालाही उभ्याच रेघा असतात. तुमच्या पक्ष्यांच्या चोचीचं मूळ आणि पाय पिवळे आहेत, म्हणजे ते वाढलेले, म्हणून इथे नियम चालतो.

तिसरी शेपटी. बहिरीची आखूड आणि पूर्ण पट्टेरी, लग्गडची तुलनेने लांब आणि मधली पिसं बिनपट्ट्याची. लांब शेपटीमुळे उडतानाही लग्गड बहिरीइतका आटोपशीर वाटत नाही.

आणि चौथी गोष्ट पिसांत नाही, वागण्यात आहे. बहिरी उंचावरून सूर मारतो. लग्गड बऱ्याचदा असा जमिनीलगत जातो, किंवा सरळ पाठलाग करून धरतो, आणि जोडीने काम करतो. एकाने थवा फोडायचा, दुसऱ्याने वाट अडवायची. तुम्ही रविवारी तेच पाहिलंत.

नात्याने हा बहिरीच्या घरचा नाही. सेकर, लॅनर आणि उत्तर ध्रुवाकडचा मोठा जायर ससाणा यांचं एक घर आहे, त्यातला हा आपला प्रतिनिधी. सगळे उघड्या, कोरड्या प्रदेशातले. सेकर हिवाळ्यात वायव्य भारतात क्वचित येतो. तो याहून बराच मोठा, डोकं फिकट, गालावरची रेघ पुसट, आणि बसलेला असताना पंखांची टोकं शेपटीच्या टोकाच्या चांगलीच अलीकडे संपतात.

बार्शी_क्लिक

मांड्यांचा फोटो बोलका आहे. लग्गड. शाहीनची बाजू मांडली ती एवढ्यासाठी की वाचणाऱ्याला दोन्ही पक्षी शेजारी ठेवून बघता यावेत. पुढे कोणाला गुलाबीसर पोटाचा आणि मानेवर तांबूस डागांचा पक्षी दिसला तर या धाग्यावर जरूर टाका.

मालदांडी

वाचून लई बरं वाटलं. आमचं रान मोहोळ तालुक्यात. ह्या पक्ष्याला आमच्यात नाव नाही, नुसता ससाणाच म्हणतो, पण ओळख लहानपणापासूनची आहे.

ज्वारी हुरड्यात आली की भोरड्या उतरतात. हजारोंनी. एकदा थवा बसला की कणसं रिकामी करून उठतो. आमचे वडील मचाणावर बसून गोफण फिरवायचे, आई पत्र्याचा डबा वाजवायची. दुपारी दोन्ही हात भरून यायचे. आणि ज्या दिवशी ही जोडी रानावर फिरायची, त्या दिवशी राखणीला सुट्टी. भोरड्या आमच्या पट्टीत बसायच्याच नाहीत, वरून नुसत्या वळून जायच्या. ससाणा काय रोज शे-दोनशे मारत नाही, एखाद-दुसरी धरतो. पण त्याच्या धाकाने जे होतं ते गोफणीने होत नाही. वडील म्हणायचे, ह्यो आपला बिनपगारी राखणदार हाय, ह्याला दगड मारायचा नाही.

आता मका आणि ऊस वाढलाय, उजनीचं पाणी आलं तिकडं तर ज्वारी दिसतच नाही. जिथं कोरडवाहू रान आणि शेजारी माळ असं दोन्ही आहे तिथंच ही जोडी दिसते, हे मात्र मी बघितलंय.

पक्षीवही

मालदांडी, तुमचं निरीक्षण नेमकं आहे. पक्ष्याला लागतं तेही हेच: लांबवर नजर जाईल असं उघडं रान, बसायला उंच जागा, आणि लहान-मध्यम भक्ष्य भरपूर. भोरड्या, होले, चंडोल, साळुंक्या, माळावरचे उंदीर, सरडे, पावसाळ्यानंतर मोठे टोळ आणि नाकतोडे. उसाच्या फडात त्याला काहीच करता येत नाही. जमिनीवर काय हललं ते दिसतच नाही.

सोलापूरला पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. थरचं वाळवंट नाही, पण कुसळी गवत, मध्येच बोर-बाभूळ-हिवर आणि उघडी मुरमाड जमीन ही रचना कोरड्या प्रदेशातल्या पक्ष्यांना चालते. म्हणूनच माळढोक, धाविक आणि पखुर्डी हे जमिनीवर राहणारे पक्षी, लांडगा, काळवीट आणि लग्गड एकाच माळावर भेटतात.

मस्कत_मुक्काम

मूळचा सोलापूरचा, सध्या ओमानमध्ये. इथल्या वाळवंटी ससाण्याबद्दल लिहितो, म्हणजे लग्गड शेजारी ठेवून बघता येईल.

इथे समुद्रातल्या दैमानियात बेटांवर काजळी ससाणा वीण करतो (हे नाव मीच वापरतोय, अंगभर राखी-काळसर रंग असतो म्हणून). बाकीचे पक्षी थंडी सरली की अंडी घालतात. हा घालतो जुलैअखेर-ऑगस्टमध्ये, जेव्हा खडकावर हात टेकवत नाही. कारण पिल्लांना खायला लागेल तेव्हा युरोप-आशियातून आफ्रिकेकडे निघालेले लहान पक्षी थकून समुद्र ओलांडत असतात. सगळं वेळापत्रक परक्यांच्या प्रवासावर बेतलेलं. पिल्लं मोठी झाली की हे स्वतः मादागास्करला जातात.

लग्गडचं याच्या उलट. तो कुठेही जात नाही. जिथे जन्मला त्याच मुलखात बारा महिने काढतो आणि वीण थंडीच्या शेवटाला उरकतो. उन्हाळा कडक व्हायच्या आत पिल्लं उडती झाली पाहिजेत. म्हणून माळावरची_वाट, तुम्हाला जानेवारीत जोडी टॉवरवर दिसली ती नुसती विश्रांतीला बसलेली नसावी. आसपास कावळ्याचं जुनं घरटं आहे का बघा. लांबूनच बघा.

थरमध्ये मी लग्गडला सांडा धरताना पाहिलंय. सांडा म्हणजे तो जाड काटेरी शेपटीचा वाळवंटी सरडा. शेपूट बिळाबाहेर राहिली की लग्गड तिथे थांबून राहतो. तेलासाठी सांड्याची बेसुमार शिकार होते, आणि सांडे कमी झाले की त्या भागात लग्गडचंही अन्न कमी होतं.

दुसरी वाईट गोष्ट. आखाती देशांत शिकारीसाठी सेकर आणि बहिरीला पैसा मिळतो, लग्गडला नाही. तरी लग्गड पकडला जातो, कारण तो आमिष म्हणून वापरतात. पाकिस्तानात त्याला 'बराक' म्हणतात. पायाला पिसांचा गठ्ठा आणि त्यात फासे बांधून, पापण्या शिवून त्याला उडवतात. वरून जाणाऱ्या मोठ्या ससाण्याला वाटतं याच्या पायात शिकार आहे, तो हिसकावायला येतो आणि फाशात अडकतो. लग्गडचं पुढे काय होतं याची कोणाला पर्वा नसते. माझ्या मते या पक्ष्याच्या वाट्याला आलेली ही सगळ्यात क्रूर गोष्ट आहे.

अश्विनी_निरीक्षणं

हे वाचून अंगावर काटा आला. भारतात याला संरक्षण आहे का? आणि अजून दोन शंका. गालावरची ती काळी रेघ कशासाठी असते? आणि एवढ्या उन्हात पाणी कुठून मिळवतात?

पक्षीवही

अश्विनीताई, आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पकडणं, पाळणं, विकणं सगळं गुन्हा. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारात तो पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे व्यापाराला बंदी. जागतिक लाल यादीत 'संकटाच्या उंबरठ्यावर' या वर्गात.

गालावरच्या काळ्या रेघेचं जुनं स्पष्टीकरण असं की ती डोळ्याखालची चमक शोषून घेते, उन्हात भक्ष्यावर नजर ठरायला मदत होते. २०२१ मध्ये बहिरीच्या जगभरातल्या फोटोंचा एक अभ्यास झाला, त्यात जिथे ऊन प्रखर तिथे हा पट्टा मोठा आणि गडद आढळला. मग लग्गडची बारीक का, हा प्रश्न उरतोच आणि मला तो फार आवडतो.

पाणी मुख्यतः भक्ष्यातूनच. रक्तमांसात पाणी भरपूर असतं. मिळालं तर पितात, अंघोळही करतात, पण त्यावाचून अडत नाही. दुपारी सावलीत चोच उघडी टाकून धापा टाकताना दिसतील. शरीर थंड करायची ती पद्धत.

आणखी एक सांगतो. गरुड आणि घार पायांनी मारतात. ससाणा धरतो पायाने पण मारतो चोचीने. वरच्या चोचीच्या कडेला दातासारखं टोक असतं, ते मानेच्या मणक्यात घालून एका चाव्यात काम संपवतो. दिसायला गरुडासारखा असला तरी जनुकीय अभ्यासांनी २००८ पासून दाखवलंय की ससाण्यांचं नातं गरुडापेक्षा पोपटांशी आणि चिमण्यांसारख्या गाणाऱ्या पक्ष्यांशी जवळचं आहे. चोचीने मारायची तऱ्हा आणखी एका पक्ष्याची आठवते का? खाटकाची. तोही मानच चावतो आणि त्याच्याही चोचीला तसाच दात असतो.

माळावरची_वाट

टॉवरच्या खाली पडलेलं आज जवळून पाहिलं, जोडी दूर रानात गेली होती तेवढ्या वेळात. भोरडीचे दोन पंख, छातीच्या हाडाने एकमेकांना जोडलेले, हाडावरचं मांस साफ. गुलाबी आणि काळी पिसं आजूबाजूला उडालेली. पिसांची देठं पूर्ण, कुठेही कुरतडलेली नाहीत. एक सरड्याची शेपटी. आणि अंगठ्याच्या पेराएवढी राखाडी गोळी (न पचलेलं ओकून टाकतात ती), त्यात पिसांचा भुगा आणि टोळाचे पाय.

पक्षीवही

नमुनेदार. कोल्हा किंवा मांजर पिसं दातांनी तोडतं, देठं चावलेली राहतात. ससाणा एकेक पीस चोचीने उपसतो, म्हणून देठ शाबूत. दोन पंख आणि मधलं हाड एवढंच शिल्लक ठेवणं ही ससाण्याची सहीच समजा. गोळीत हाडं फारशी सापडली नसतील. घुबडाच्या गोळीत अख्खी कवटी मिळते, ससाण्याच्या पोटातलं आम्ल जास्त तीव्र असल्याने हाडं बरीच विरघळतात.

आता मात्र विनंती: तिथे परत जाऊ नका. टॉवरवर कावळ्याचं जुनं घरटं असेल तर ही वीणीची जागा आहे. लग्गड स्वतः काडीही रचत नाही. कावळ्याचं, घारीचं, गिधाडाचं सोडलेलं घरटं नाहीतर कड्याची कपार घेतो. तीन ते पाच अंडी. मादी बसते, नर आणून देतो. अंडी उबवायला महिन्याहून थोडं जास्त, मग पिल्लं उडेपर्यंत साधारण दीड महिना. मादी नराहून बरीच मोठी असते, त्यामुळे जोडीत कोण घरट्यावर आणि कोण रानात हे लांबूनही ओळखता येतं. जमिनीवरून कोणी रेंगाळलं की मादी उठते, आणि फेब्रुवारीच्या उन्हात अंडी उघडी पडली तर थोड्या वेळातही नुकसान होतं.

आणि सगळ्यांना: ठिकाण तालुक्यापलीकडे लिहू नका. ड्रोन नाही, मोबाईलवर आवाज वाजवणं नाही.

लाईनमन_काका

विजेच्या कामात हयात गेली, म्हणून एक माहिती. मोठ्या हायटेन्शन टॉवरवर पक्ष्याला शॉक सहसा बसत नाही. तारांमधलं अंतर पंखांच्या पसाऱ्याहून कितीतरी जास्त असतं. धोका असतो गावातल्या ११ केव्हीच्या खांबांवर आणि डीपीवर. तिथे लोखंडी आडवी पट्टी जमिनीला जोडलेली असते आणि तार वीतभर अंतरावर. पक्षी पट्टीवर बसला आणि पंख तारेला लागला की संपलं. मंगोलियात सेकर ससाणे असेच मोठ्या संख्येने मरत होते, तिथे खांबांना इन्सुलेशन लावल्यावर फरक पडला. आपल्याकडे माळावरच्या खांबांना खांबाजवळच्या तारेवर प्लास्टिकचं आवरण चढवलं तरी पुष्कळ. खर्च फार नाही. कुठल्या खांबाखाली मेलेला पक्षी सापडला तर खांबाचा नंबर लिहून कळवत जा, नंबर असला की काम होतं.

मालदांडी

काका, हे कामाचं सांगितलं. आमच्या डीपीखाली घार सापडली होती मागं.

मला उंदराच्या औषधाचं विचारायचं होतं. ज्वारीत उंदीर झाले की गोळ्या टाकतात. तो उंदीर ससाण्याने खाल्ला तर?

पक्षीवही

तर विष त्याच्यापर्यंत जातं. झिंक फॉस्फाईड उंदराच्या पोटातच बरंचसं संपतं, पण रक्त न गोठू देणारी जी नवी औषधं आहेत ती मेलेल्या उंदराच्या यकृतात टिकून राहतात, आणि असे दोन-चार उंदीर खाणाऱ्या पक्ष्याला मारतात. शिवाय विष खाल्लेला उंदीर दिवसा उघड्यावर धडपडतो, म्हणजे नेमका तोच पकडला जातो.

शिकारी पक्ष्यांत विष कसं साठत जातं हे जगाला कळलं तेच ससाण्यामुळे. ब्रिटनमध्ये बहिरीची अंडी घरट्यातच फुटत होती. डेरेक रॅटक्लिफने संग्रहातल्या जुन्या अंड्यांशी तुलना करून १९६७ मध्ये दाखवलं की कवच पातळ झालंय, आणि त्याचा धागा डीडीटी या कीटकनाशकापर्यंत गेला. आपल्याकडे शेतीसाठी डीडीटी १९८९ मध्ये बंद झालं.

अश्विनी_निरीक्षणं

माळाबद्दल मला काही लिहायचं आहे, थोडं विषयाबाहेरचं वाटलं तरी.

आमच्या गावाजवळच्या गायरानात मागच्या पावसाळ्यात एका यंत्रणेने खड्डे खणून दाट झाडं लावली. हेतू चांगला होता, फलक लागला, फोटो निघाले. पण त्या गायरानात मी दरवर्षी धाविकची जोडी पाहायचे, भोवत्ये (माळावर फिरणारे शिकारी पक्षी) रात्री गवतात उतरायचे. यंदा दोन्ही नाहीत. लोकांना वाटतं गवताळ माळ म्हणजे रिकामी जागा. नोंदींमध्येही 'पडीक' लिहितात. जिथे झाड नाही तिथे काहीच नाही, ही समजूत मला फार जिव्हारी लागते. त्या माळावर मेंढरं चरतात, पखुर्डी अंडी घालते, लांडगा राहतो. लग्गडला बसायला एखादं हिवराचं झाड पुरतं, शंभर गुलमोहर त्याच्या काही उपयोगाचे नाहीत.

पक्षीवही

विषयाबाहेरचं अजिबात नाही, हाच विषय आहे. माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झालं तेव्हा कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं, सोलापूर आणि नगर मिळून. त्यात गावं, शेतं, शहरं सगळं आलं, लोकांना खरेदी-विक्रीचा त्रास झाला, आणि पुढे क्षेत्र बाराशे चौरस किलोमीटरवर आणलं. माळढोक आता दिसला तर बातमी होते. पण अभयारण्याच्या आत असो की बाहेर, गवत जिवंत राहिलं तर लग्गड राहतो, आणि तो माळढोकापेक्षा सोशिक आहे. शेत, टॉवर, माणूस सगळं चालवून घेतो. म्हणून माळाची तब्येत बघायला मला हा पक्षी फार मोलाचा वाटतो. झाडं लावायचीच असतील तर गावाजवळ, ओढ्याच्या काठाला लावा. माळावर गवत राहू द्या.

माळावरची_वाट

एप्रिलमधली नोंद. रस्त्यावरूनच, दुर्बिणीतून. टॉवरजवळच्या लिंबावर तीन ससाणे बसलेत, पण रंग पूर्ण वेगळा. छातीपासून खालपर्यंत गडद तपकिरी, फक्त गळा पांढरट. पाय पिवळे नाहीत, निळसर राखाडी. उडताना डळमळतात. मोठी मादी आली की तिघंही ओरडत तिच्यामागे लागतात. ग्रुपवर फोटो टाकला तर 'हा काळा ससाणा कोणता' म्हणून लगेच नवा वाद सुरू झाला.

पक्षीवही

अभिनंदन, तिन्ही पोरं उडाली! लग्गडच्या पहिल्या वर्षाचा वेष असाच असतो, खालून जवळजवळ पूर्ण तपकिरी. पांढरी छाती पिसं झडून नवी आल्यावर हळूहळू येते. निळसर पाय आणि चोचीचं निळसर मूळ ही या वयाची खूण, पुढे ते पिवळं होतं. बहिरीच्या पिल्लापासून ओळखायचं तर बघा: त्याच्या फिकट बदामी पोटावर सुट्या रेघा दिसतात आणि गालावरचा पट्टा रुंद असतो. इथे रेघा एकमेकांत मिसळून सलग तपकिरी झालंय.

आता काही आठवडे पालकच भरवतील. हवेत शिकार टाकतात आणि पोरं ती झेलायला शिकतात. ते बघायला मिळालं तर वेळ, भक्ष्य आणि कोणी आणलं एवढं जरूर टिपून ठेवा. दख्खनच्या माळावरच्या अशा नोंदी फार कमी लिहिल्या जातात.

मालदांडी

आमच्याकडची जोडी पण आहे बघा अजून, पण पोरं दिसली नाहीत. घरटं शोधायला जात नाही. कडब्याच्या गंजीवरून जेवढं दिसतं तेवढं लिहून ठेवतो, पुढच्या हुरड्याला इथं टाकतो.